लांब हाताचं यंत्र, पायाखाली काळी माती
बांधकामावरच्या 'टेलिहँडलर'ची ओळख, फायदे आणि धोके

पेडगाव (ता. परभणी) : परभणी–मनमाड रेल्वेमार्गावरचं पेडगाव स्टेशन निजामाच्या काळापासूनचं. या मार्गावरील छत्रपती संभाजीनगर ते परभणी या सुमारे १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. रेल्वेचं काम म्हटलं की पूल आले, भराव आले, इमारती आल्या आणि त्यांच्या मागे यंत्रं आली. रेल्वेचं सोडलं तरी आपल्या भागात बांधकाम थांबलेलं नाही. कुठे वखारीचं शेड, कुठे जिनिंगचा पत्रा, कुठे पाण्याची टाकी, कुठे सौर पॅनेल, तर गल्लीगल्लीत घरकुलाचा स्लॅब.

या कामांवर आता एक नवीन यंत्र दिसू लागलं आहे. दुरून पाहिलं तर जेसीबीचा भाऊ वाटतो, पण पुढे खोरं आणि मागे खणायचा हात असं त्याचं रूप नाही. पाठीवरून पुढे आलेला एकच जाड हात, तो आतल्या आत लांब होतो आणि टोकाला दोन लोखंडी दाते. त्याला 'टेलिस्कोपिक हँडलर' किंवा थोडक्यात 'टेलिहँडलर' म्हणतात. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या जशा एकातून एक बाहेर येतात तसा याचा हात बाहेर येतो, म्हणून हे नाव.

यंत्र कामाचं आहे, यात शंका नाही. पण आपल्या गावाची जमीन, गल्ली, वीजतारा आणि काम करण्याची रीत पाहता ते डोळे झाकून वापरण्यासारखंही नाही. शेतकरी बांधव, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना हे यंत्र भाड्याने घेण्याची, गावात येऊ देण्याची किंवा त्यासाठी कर्ज काढण्याची वेळ येण्याआधी थोडी माहिती असावी, म्हणून हा लेख.

माळवदापासून स्लॅबपर्यंत

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी किलच्या-तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. ही माती दर पावसाळ्याच्या तोंडावर वर चढवावी लागे आणि ती चढायची ती पाट्यांनी, बायामाणसांच्या डोक्यावरून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर–उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं याच जड भिंती-माळवदांखाली गेली. त्यानंतर आपल्याकडच्या माणसाच्या मनात घर म्हणजे कॉलम आणि स्लॅब हे पक्कं बसलं.

घर बदललं, पण ओझं वर नेण्याची रीत बरीच वर्षं तीच राहिली. हिशेब करून बघा. सहाशे चौरस फुटांचा स्लॅब पाच इंच जाडीचा धरला तर काँक्रीट होतं २५० घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. घनमीटरमध्ये सांगायचं तर सात. एका घनमीटर काँक्रीटचं वजन २,४०० किलोच्या आसपास असतं, म्हणजे एकूण १७ टन. एका घमेल्यात १८ किलो माल मावतो असं धरलं तर साडेनऊशेच्या घरात घमेली वर जायला हवीत. ती एका दिवसात, कारण स्लॅब अर्धवट ठेवून चालत नाही.

आता गावोगाव मिक्सरला जोडलेली लिफ्ट आली आहे आणि स्लॅबच्या दिवशी डोक्यावरचं बरंचसं ओझं कमी झालं आहे. पण लिफ्टने सगळंच सुटत नाही. विटा, सिमेंटच्या गोण्या, सळईचे बंडल, पत्रे, कैच्या, पाण्याच्या टाक्या हे सगळं आडवं, लांब आणि जड सामान. ते आजही दोरीने, खांद्याने, नाहीतर जेसीबीच्या दाताला साखळी अडकवून वर चढवलं जातं. टेलिहँडलरचं काम सुरू होतं ते इथे.

जेसीबी वेगळा, हायड्रा वेगळी, हे वेगळं

आपल्याकडे खणणाऱ्या प्रत्येक यंत्राला जेसीबी म्हणतात. खरं तर जेसीबी हे कंपनीचं नाव. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने १९४५ साली ती काढली. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. भारतात ती १९७९ साली एस्कॉर्ट्स कंपनीच्या भागीदारीत आली आणि हरियाणातल्या बल्लभगडला कारखाना निघाला. याच कंपनीने १९७७ साली 'लोडॉल' नावाचा टेलिहँडलर बाजारात आणला. आज मॅनिटू, मर्लो अशा इतरही कंपन्या ही यंत्रं बनवतात. युरोपात ते बांधकामाइतकंच शेतावरही चालतं. गवताच्या गाठी रचणं, धान्य भरणं, खत उचलणं ही त्याची तिकडची रोजची कामं.

तीन यंत्रांतला फरक साध्या भाषेत असा.

जेसीबी, म्हणजे बॅकहो लोडर, खणण्यासाठी आणि माती भरण्यासाठी आहे. त्याच्या बकेटला साखळी लावून कॉलमचा सांगाडा उचलणं हा जुगाड झाला.

हायड्रा ही क्रेन आहे. ती हुकाला ओझं टांगते आणि टांगलेलं ओझं घेऊन चालतेही. ओझं झोके खातं म्हणून एक पोरगा दोरी धरून बाजूने चालतो आणि बरेचदा तोच चाकाखाली येतो किंवा ओझ्याखाली सापडतो. त्यामुळे अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या कामांवर हायड्राला बंदी घातली आहे किंवा कडक अटी लावल्या आहेत.

टेलिहँडलर ओझं दात्यांवर घेतो, खालून आधार देऊन. ओझं लोंबकळत नाही. हात पुढे लांबवून तो भिंतीपलीकडे, दुसऱ्या मजल्याच्या आतपर्यंत माल ठेवू शकतो. दाते काढून बकेट, हुक किंवा गाठी धरायचा पंजा बसवता येतो. चारही चाकांना ताकद असते आणि चारही चाकं वळतात. त्यामुळे ते अरुंद जागेत वळतं. चारही चाकं एकाच दिशेला वळवली तर खेकड्यासारखं तिरपंही चालतं. पत्रे आणि कैच्या चढवायच्या शेडच्या कामाला यासारखं सोयीचं यंत्र क्वचित.

नावातले आकडे आणि उलाळ गाडी

यंत्राच्या अंगावर नंबर असतो. भारतात या कंपनीची ५३०-७० आणि ५३०-११० ही मॉडेलं आहेत. यातल्या ३० चा अर्थ ३ टन. ७० म्हणजे ७ मीटर आणि ११० म्हणजे ११ मीटर उंची. इथेच पहिली फसगत होते. ठेकेदार सांगतो, "तीन टन उचलतंय, अकरा मीटर जातंय." दोन्ही खरं, पण दोन्ही एकाच वेळी आणि हात पुढे पसरून खरं नाही.

ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला हे शिकवायला नको. गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर जातं आणि बैलाच्या मानेला फास बसतो. पोती तीच, वजन तेच. फक्त ती मागे सरकलेली असतात. टेलिहँडलरमध्ये नेमकं हेच घडतं, उलट बाजूने. मागे यंत्राचं वजन, मध्ये पुढच्या चाकांचा टेकू आणि पुढे ओझं. पुढच्या चाकापासून १ मीटरवर ३ टन पेलत असेल, तर ३ मीटरवर तेवढ्याच तोलाला ओझं १ टनावर येतं. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण हात लांब झाला की हाताचं स्वतःचं वजनही पुढे जातं.

म्हणून प्रत्येक यंत्राच्या केबिनमध्ये एक तक्ता लावलेला असतो. किती लांबीवर आणि किती उंचीवर किती किलो, हे त्यात चित्रासह दिलेलं असतं. नव्या यंत्रात तोल सुटायच्या आधी दिवा लागतो, भोंगा वाजतो. तो भोंगा "कटकट नको" म्हणून बंद करून ठेवलेला दिसला, तर ते यंत्र कामावर घेऊ नये. तक्ता फाटलेला, पुसलेला असेल तरीही तेच.

ओझ्याचं वजन अंदाजाने सांगू नये, हिशेबाने सांगावं. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे वीस गोण्यांचा एक टन झाला. कापसाची दाबलेली गाठ १७० किलोची, सहा गाठींचे हजाराच्या वर किलो होतात. एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. विटा ओल्या असतील तर कोरड्यापेक्षा जड. सळईचं वजन बिलावरच असतं. ऑपरेटरला "थोडंसंच हाय" असं सांगून कुणी ओझं वाढवलं, तर त्याचा भार शेवटी खालच्या माणसावर येतो.

वाफसा पेरणीचा आणि वाफसा यंत्राचा

आता आपल्या जमिनीकडे येऊ. परभणी म्हणजे भारी काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकरी पेरणीआधी वाफसा पाहतो, पण यंत्र उभं करताना तोच माणूस जमीन पाहत नाही. "चारी चाकं ओढतात, फसणार नाही" असं म्हटलं जातं. चारी चाकं ओढतात ती चालताना. उचलताना यंत्र चालत नसतं, उभं असतं. सात-आठ टनांचं यंत्र आणि वरचं ओझं यांचा बहुतेक भार त्या वेळी पुढच्या दोन चाकांवर येतो.

हिशेब पाहा. डाव्या आणि उजव्या चाकातलं अंतर २ मीटर धरू. एका बाजूचं चाक १० सेंटीमीटर, म्हणजे वीतभराच्या निम्मं खचलं. खाली उभ्या माणसाला ते जाणवतही नाही. पण ११ मीटर उंचीवर गेलेलं ओझं त्या वेळी ५५ सेंटीमीटर बाजूला सरकलेलं असतं, म्हणजे हातभराहून जास्त. तोल जातो तो इथे. पुढे पडण्याआधी हे यंत्र बाजूला कलंडतं.

यावर उपाय अवघड नाहीत. काम सुरू करण्याआधी उभं राहायची जागा ठरवावी. काळी माती असेल तर वरचा थर काढून मुरूम टाकावा आणि दबई करून घ्यावी. ज्या यंत्रांना पुढे टेकूचे पाय असतात, त्या पायांखाली जाड लाकडी फळ्या ठेवाव्यात. नुसत्या विटा ठेवू नयेत, त्या फुटतात. केबिनमध्ये पातळी दाखवणारी काचेची नळी असते. हात वर जाण्याआधी तिच्यातला बुडबुडा मध्यभागी आला पाहिजे. आणि पाऊस पडून गेल्यावर, जमीन वरून सुकल्यासारखी दिसली तरी, त्याच दिवशी मोठी उचल करू नये.

गावठाणात धोका आणखी वेगळा आहे. तो दिसत नाही, कारण तो जमिनीखाली आहे. नळयोजनेच्या पाइपसाठी खोदलेले चर नुसती माती लोटून बुजवलेले असतात. घरोघरी शोषखड्डे आणि शौचालयाच्या टाक्या आहेत. त्यांच्यावर पातळ झाकण, वर माती. जुन्या वाड्यांच्या अंगणात धान्याची पेवं होती. त्यांची तोंडं बुजवली, पण आतली पोकळी अनेक ठिकाणी तशीच आहे. बाहेरगावचा ऑपरेटर हे कसं ओळखणार? ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. यंत्र गल्लीत येण्याआधी त्यांना विचारावं आणि अशा जागांवर चुन्याची खूण करावी. खर्च शून्य, पण याने जीव वाचतो.

विहीर, आड, पायाचा खड्डा यांच्या काठावर यंत्र उभं करू नये. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर ठेवावं. काळ्या मातीचा काठ पावसानंतर कधी सुटेल ते सांगता येत नाही.

वरची तार, उजवी बाजू

गावात आणि शिवारात वीजतारा लोंबलेल्या असतात. हात अकरा मीटर वर जातो आणि ऑपरेटरची नजर असते दात्यांवरच्या ओझ्यावर. हात उभा करायच्या टप्प्यात तार येत असेल, तर महावितरणच्या कार्यालयाला आधी कळवून तेवढा वेळ लाईन बंद करून घ्यावी. "दोन मिनिटांचं काम हाय, तार लांब हाय" हे वाक्य कामावर चालू देऊ नये. ११ हजार व्होल्टची तार चिकटण्याची वाट पाहत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

एवढं करूनही यंत्र तारेला लागलं, तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावं. बाहेरच्यांनी यंत्राला हात लावू नये, जवळ जाऊ नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून लाईन बंद झाल्याची खात्री करावी. यंत्राला आग लागून उतरावंच लागलं, तर एक हात यंत्राला आणि पाय जमिनीला असं कधीही करू नये. दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी आणि पाय जुळवूनच टुणटुण उड्या मारत दूर जावं.

दुसरी गोष्ट नजरेची. ऑपरेटर केबिनमध्ये डाव्या बाजूला बसतो, हात त्याच्या उजवीकडे असतो. हात खाली असताना त्याला उजवी बाजू नीट दिसत नाही. तिकडे आरसे असतात, पण धुळीने माखलेले. म्हणून खुणा करणारा एक जाणता माणूस नेमावा आणि ऑपरेटरने फक्त त्याच्याच खुणा पाहाव्यात. दहा जणांनी दहा बाजूंनी "घे, घे, अजून घे" ओरडणं ही आपली जुनी सवय इथे घातक ठरते. गावात नवीन यंत्र आलं की पोरं गोळा होतात. दोरी बांधून गर्दी लांब ठेवणं हे मालकाचं काम आहे.

दात्यांवर माणूस बसवू नका

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच. "चल रे, बस दात्यावर, वरचा नट आवळून ये." कधी दात्यांवर लाकडी फळी, कधी प्लास्टिकचा पिंप, कधी जेसीबीच्या बकेटमध्येच दोन गडी. हायड्रॉलिकचा पाइप फुटला, दाते थोडे खाली झुकले, ऑपरेटरचा हात चुकला, की वरचा माणूस दगडासारखा खाली येतो.

माणूस वर न्यायचा असेल तर त्यासाठी कठड्याची खास पाटी मिळते. ती यंत्राला पक्की जोडता येते, आत पट्टा अडकवायला जागा असते आणि ती त्या यंत्रासाठी बनवलेलीच असावी लागते. तशी पाटी नसेल तर पराती बांधावी, शिडी लावावी, वेळ लागू द्यावा. उचललेल्या ओझ्याखाली तर कुणीही, कधीही उभं राहू नये.

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. ते यंत्र टेलिहँडलरहून कितीतरी मोठं, काम बड्या कंपन्यांचं, तरी असं घडलं. गावातलं काम लहान म्हणून धोका लहान, असं समजू नये. इथे तर देखरेखीला इंजिनिअरही नसतो.

कुठे परवडतं, कुठे नाही

आता पैशाचं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आणि घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्याशा घरासाठी टेलिहँडलर बोलावणं म्हणजे चिमणीला तोफ. तिथे मिक्सर-लिफ्टच बरी. एकाच गल्लीत सात-आठ घरकुलं एकदम चालू असतील आणि सगळ्यांनी मिळून एका दिवसात विटा-सळई चढवून घेतली, तरच विचार करावा.

याउलट गोदाम, वखार, जिनिंगचं शेड, मंगल कार्यालय, शाळेचे पत्रे अशा कामांत हे यंत्र दिवस वाचवतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या प्रकल्पांत पॅनेलच्या पेट्या येतात, एकेक पेटी टनाच्या जवळपास. त्या हाताने उतरवताना काचा फुटतात. दात्यांवर त्या अलगद उतरतात. बांधकाम नसेल तेव्हा कापसाच्या गाठी, सोयाबीनची पोती, कारखान्यावरचा बगॅस, खताच्या गोण्या अशी कामं मिळू शकतात.

भाड्याने घेताना पाच गोष्टी आधी बोलून, कागदावर लिहून घ्याव्यात. तास कुठून मोजायचा, यंत्र निघाल्यापासून की कामावर पोचल्यापासून? किमान किती तासांचे पैसे? डिझेल कुणाचं? ऑपरेटरचं जेवणखाण, मुक्काम कुणाकडे? आणि पाऊस आला, लाईट गेली, यंत्र बिघडलं तर पैसे कसे? तोंडी ठरलं की शेवटी भांडण ठरलेलंच.

गावातला एखादा होतकरू पोरगा म्हणेल, "जमिनीवर कर्ज काढतो, यंत्र घेतो." जेसीबी घेऊन काहींचं भलं झालं, हे खरं; हप्ते थकून यंत्र ओढून नेलं गेलं, अशीही उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्याने आधी हा हिशेब मांडावा. समजा हप्ता, ऑपरेटरचा पगार, विमा आणि देखभाल मिळून महिन्याचा खर्च ८० हजार येतो. महिन्यात १०० तास काम मिळालं तर डिझेल सोडून तासाला ८०० रुपये नुसता खर्च. काम ५० तासच मिळालं तर तोच १,६०० होतो. पावसाळ्यातले महिने तर बरेचसे रिकामेच. जेसीबीला गावात खणायचं काम वर्षभर असतं. टेलिहँडलरला उचलायचं काम तेवढं नसतं. वीस-तीस किलोमीटरच्या टापूत आधी काम शोधावं, मग शोरूमची पायरी चढावी. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हेही विचारावं. आणि सगळी जमीन तारण कधीच ठेवू नये.

डोक्यावरचं ओझं उतरलं, पोटाचं काय?

या यंत्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. घमेली वाहणारी बाई हे काम हौसेने करत नव्हती. मान दुखते, गुडघे जातात, पडून हातपाय मोडतात. पण त्या मजुरीवर घर चालत होतं. यंत्राने दहा जणींचं काम एका दिवसात उरकलं, तर त्या दहा जणींची मजुरी जाते. ओझं यंत्राकडे जावं हे बरोबरच. पण बांधकामावर राहणाऱ्या बाईला सळई बांधणं, फरशी बसवणं, खुणा करणं, साठ्याचा हिशेब ठेवणं अशी कसबाची कामं शिकवली गेली पाहिजेत. ऑपरेटरच्या प्रशिक्षणात आपल्या गावची पोरं-पोरी का नसाव्यात?

तोवर निदान हक्काचं तरी पदरात पडावं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या बांधकाम मजुराची नोंदणी होते. मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असेल आणि कामावर असताना मृत्यू आला, तर वारसाला ५ लाख रुपयांची मदत आहे. नोंदणी नसेल तर कागदोपत्री तो मजूर नव्हताच! १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचं नाव बदललं, तरी काम देणाऱ्याने माणूस सुरक्षित ठेवायचा, ही जबाबदारी बदललेली नाही.

ग्रामपंचायतीने एवढं करावं

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील, "यंत्र ठेकेदाराचं, आमचा काय संबंध?" काम गावाचं असेल, रस्ता गावाचा असेल आणि मजूर गावचा असेल, तर संबंध आहेच. ग्रामपंचायतीच्या कामावर असं यंत्र येणार असेल तर या गोष्टी पाहाव्यात.

१) यंत्राची नोंदणी, विमा आणि सक्षम व्यक्तीने केलेल्या तपासणीचा कागद. झेरॉक्स दफ्तरी ठेवावी.

२) ऑपरेटरचा परवाना आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मालकाचा भाचा किंवा क्लीनर यंत्र चालवताना दिसला तर काम थांबवावं.

३) केबिनमधला वजनाचा तक्ता जागेवर आहे का, भोंगा चालू आहे का.

४) उभं राहायची जागा, शोषखड्डे, पाइपचे चर, पेवं, विहिरी यांच्यावर खूण झाली का.

५) वीजतारेसाठी महावितरणला लेखी कळवलं का.

६) खुणा करणारा माणूस कोण, हे ठरलं का. पोरं आणि बघे लांब आहेत का.

७) कामावरच्या प्रत्येक मजुराचं नाव हजेरीवर आहे का, आणि ९० दिवसांचा दाखला मागणाऱ्या खऱ्या मजुराला तो हेलपाटे न घालता मिळतो का.

हे सात मुद्दे एका कागदावर लिहून ठेकेदाराच्या करारनाम्याला जोडले, तर पुढे वादाला जागा उरणार नाही. ग्रामसभेत एकदा वाचून दाखवले तर गावालाही माहीत होतील.

यंत्र वाईट नसतं. विळाही वाईट नसतो. पण तो पोराच्या हातात दिला तर बोट कापतोच. टेलिहँडलरचा हात लांब आहे, ताकद मोठी आहे. तो कुठे उभा आहे, किती उचलतो आहे आणि त्याच्याखाली कोण आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक उचलीआधी विचारले पाहिजेत. आपल्या काळ्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या पीक दिलं; तिला पीक पेलायचं ठाऊक आहे. सात-आठ टनांचं लोखंड पेलायचं असेल, तर तिच्यावर आधी मुरूम टाकावा लागतो.